उन्हाच्या हॉलसाठी मोठा टीव्ही: निटच्या आकड्याआधी खिडकी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉलला दोन बाजूंनी मोठ्या खिडक्या, त्यातली एक पश्चिमेची. सोफ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत साधारण तीन मीटर अंतर. सध्याच्या टीव्हीवर दुपारी चित्रापेक्षा खिडकीच जास्त दिसते. दिवसा बातम्या आणि सामने, रात्री चित्रपट असा वापर. आता 75 किंवा 85 इंची घ्यायचा आहे, तर ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) घ्यावा की मिनी एलईडी (एलसीडी पॅनेलच्या मागे बारीक एलईडींचा बॅकलाइट असलेला), मॅट म्हणजे चकाकी नसलेल्या स्क्रीनचा उपयोग होतो का, आणि निट, म्हणजे स्क्रीनच्या उजळतेचं माप, किती हवेत?

टीव्ही बसवून देणं आणि खोलीनुसार त्याचं चित्र जुळवून देणं हेच माझं रोजचं काम आहे. आधी सरळ उत्तर देतो, कारणं नंतर. तुमच्या वर्णनावरून मी 75 इंची, फुल-ॲरे लोकल डिमिंग असलेला, म्हणजे स्क्रीनमागचे दिवे भागाभागाने (झोनने) मंद करू शकणारा मिनी एलईडी सुचवेन, ज्याची पूर्ण स्क्रीन पांढरी असतानाची उजळता 600 निटच्या आसपास किंवा वर आहे. पण त्याआधी टीव्हीची भिंत नक्की करा आणि पश्चिमेच्या खिडकीला गडद रंगाचं रोलर ब्लाइंड लावा. क्रम हाच ठेवा. टीव्ही आधी आणून मग ऊन आवरायला निघालं की बराच खर्च करूनही चित्र फिकं ते फिकंच राहतं.

दिवसा चित्र फिकं का पडतं हे एकदा आकड्यांत पाहिलं की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात. खोलीत पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात आणि स्क्रीनची उजळता निटमध्ये. रात्री दिवे लावलेल्या हॉलमध्ये 50 ते 150 लक्स असतात. मोठ्या खिडक्यांच्या हॉलमध्ये दुपारी स्क्रीनवर 1000 लक्स पडणं नेहमीचंच. समजा, स्क्रीन त्यातला 2 टक्के प्रकाश चहूकडे विखरून परत पाठवते. 1000 चे 2 टक्के म्हणजे 20, त्याला 3.14 ने भागलं की साधारण 6.4 निट. याचा अर्थ टीव्ही बंद असतानाही ती स्क्रीन 6.4 निटने उजळलेली आहे. टीव्हीला हा प्रकाश वजा करता येत नाही, त्यावर आणखी भर घालता येते, एवढंच. त्यामुळे काळा रंग दुपारी 6.4 निटच्या खाली उतरूच शकत नाही.

आता तीन टीव्ही शेजारी ठेवू, तिघांचाही पांढरा रंग 500 निट. पहिल्यात आयपीएस पॅनेल (आयपीएस आणि व्हीए हे एलसीडीचे दोन प्रकार), कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण, 1200 ला 1, म्हणजे काळा 0.42 निट. दुसऱ्यात व्हीए पॅनेल, 5000 ला 1, काळा 0.1 निट. तिसरा ओएलईडी, काळा शून्य. अंधाऱ्या खोलीत या तिघांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. दुपारी प्रत्येकाच्या काळ्यात ते 6.4 निट मिसळा आणि पुन्हा भागाकार करा: 74, 78 आणि 79. सर्वांत साधं पॅनेल आणि सर्वांत उत्तम पॅनेल भर उन्हात जवळजवळ एकाच पातळीवर येतात. हजारो आणि लाखोंमधला जाहिरातीतला कॉन्ट्रास्ट दुपारी दोन वाजता तुमच्या कामाचा नाही.

मग दिवसा फरक पाडणाऱ्या गोष्टी दोनच उरतात. ते 6.4 निट किती खाली आणता येतात आणि ते 500 निट किती वर नेता येतात. गणितात दोन्हींचं वजन सारखं आहे: स्क्रीनवर पडणारा प्रकाश निम्मा केला, 1000 चे 500 लक्स केले, की कॉन्ट्रास्ट जवळपास दुप्पट होतो. तेच काम टीव्हीकडून करून घ्यायचं तर 500 ऐवजी 1000 निटचा टीव्ही आणावा लागतो. प्रकाश निम्मा करायला एखादं ब्लाइंड किंवा टीव्हीची बदललेली भिंत पुरते. शिवाय डोळ्यांचा हिशेब सरळ नसतो. निट दुप्पट झाले तरी डोळ्याला चित्र दुप्पट उजळ वाटत नाही, सव्वापटीच्या आसपास वाटतं. म्हणूनच 2000 निटचा टीव्ही सोडून 3000 निटच्या मागे धावण्यात मला अर्थ वाटत नाही, तर 300 वरून 700 वर जाण्यात खूप वाटतो.

हे झालं विखुरलेल्या प्रकाशाचं. आरशासारखं प्रतिबिंब हा वेगळा आणि जास्त त्रासाचा प्रकार. खिडकीतून दिसणारं लख्ख आकाश सहज 5000 निटचं असतं. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे स्क्रीनवर 200 निटची खिडकी उमटते. उत्तम परावर्तनरोधी थर असेल आणि तो 1 टक्काच परत पाठवत असेल तरी 50 निट उरतात. चित्रपटातल्या संध्याकाळच्या प्रसंगात नटाचा चेहरा 20-30 निटचा असू शकतो. अशा वेळी खिडकीच जिंकते, टीव्ही कितीही महाग असो.

यावर उपाय टीव्ही आणण्याआधीच करायचा असतो आणि त्याला लागतो फक्त एक आरसा. जिथे स्क्रीन येणार आहे त्या जागेची भिंतीवर खडूने किंवा चिकटपट्टीने चौकट आखा. 75 इंचासाठी साधारण 166 सेंटीमीटर रुंद आणि 93 सेंटीमीटर उंच, 85 इंचासाठी 188 आणि 106. मग कुणाला तरी त्या चौकटीच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने सपाट आरसा भिंतीला टेकवून धरायला सांगा. तुम्ही सोफ्यावर बसा, नंतर बाजूच्या खुर्चीवर, नंतर घरात जिथे जिथे बसून टीव्ही पाहिला जातो तिथे. आरशात जे दिसेल तेच उद्या स्क्रीनवर दिसणार आहे. मागची गडद भिंत, पुस्तकांचं कपाट दिसलं तर उत्तम. खिडकीची कड जरी दिसली तरी ती जागा खुणेने टिपून ठेवा. हे दुपारी, तुम्हाला सर्वांत जास्त त्रास होतो त्या वेळी करा. रात्री केलं तर खिडकी काळी दिसते आणि लक्षातच येत नाही.

यातून बऱ्याचदा असं निघतं की 75 इंचाच्या चौकटीत खिडकी येत नाही, पण 85 च्या कोपऱ्यात येते. स्क्रीन मोठी झाली की ती खोलीचा मोठा भाग परत दाखवते, हे आकार ठरवताना फार थोडे लोक विचारात घेतात. खिडकी अगदी कडेला येत असेल तर भिंतीवर वळणारा, झुकणारा माउंट कामी येतो. स्क्रीन 5 अंशांनी वळवली की प्रतिबिंब 10 अंशांनी सरकतं. तीन मीटरवर हा फरक अर्ध्या मीटरहून जास्त होतो. समोरच्या बाजूला उंचावर झरोका असेल तर स्क्रीन किंचित खाली झुकवली की झरोक्याच्या जागी खालची जमीन दिसू लागते.

भिंत निवडायला वाव असेल तर खिडकीच्या भिंतीला काटकोनात असलेली भिंत घ्या. खिडकीच्या बरोबर समोर टीव्ही ठेवणं सर्वांत वाईट, कारण आख्खी खिडकी स्क्रीनमध्ये बसते. खिडकीच्या भिंतीवरच, खिडकीला लागून टीव्ही लावणं वरवर चांगलं वाटतं, कारण स्क्रीनवर प्रतिबिंब पडत नाही. पण तिथे डोळा खिडकीच्या उजेडाला सरावतो, बाहुली लहान होते आणि बाजूचा टीव्ही अंधुक भासतो. तुमच्याकडे दोन बाजूंनी खिडक्या आहेत, त्यामुळे एका खिडकीशी तडजोड करावीच लागेल. ती पश्चिमेच्या खिडकीशी करू नका. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं आणि थेट भिंतीपर्यंत पोचतं. ज्या स्क्रीनवर थेट ऊन पडतं तिथे 50,000 लक्स असू शकतात. त्याच 2 टक्क्यांच्या हिशेबाने सव्वातीनशे निटचा पांढुरका थर चित्रावर बसतो. त्याच्याशी झुंजणं नेहमीच्या घरगुती टीव्हीला जमत नाही.

पडद्यांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे हमखास घोळ होतो. उन्हासाठी म्हणून लोक पांढरे झिरझिरीत पडदे लावतात. बाजूच्या खिडकीला ते चालतात, खोलीतला उजेड ते मऊ करतात. पण ज्या खिडकीचं प्रतिबिंब स्क्रीनवर येतं आणि जिच्यावर थेट ऊन पडतं, तिला पांढरा पातळ पडदा लावला की तो पडदा स्वतःच झगझगीत होतो. त्याच्यावर 50,000 लक्स पडले आणि 40 टक्के आरपार आले तर त्याची उजळता 6000 निटच्या वर जाते. आधी निदान खिडकीत झाडं, समोरच्या इमारती असे गडद भाग होते. आता सलग पांढरा चौकोन स्क्रीनवर उमटतो. तिथे गडद करड्या किंवा तपकिरी रंगाचं, बारीक जाळीच्या विणीचं रोलर ब्लाइंड लावा. असं कापड जाळीच्या मोकळेपणानुसार मिळतं, 3 टक्के, 5 टक्के, 10 टक्के. पश्चिमेला 3 टक्केवालं घ्या. गडद असल्यामुळे ते स्वतः उजळत नाही, बाहेरचं दृश्य दिसत राहतं आणि खोलीत अंधारही होत नाही. जमीन गुळगुळीत आणि फिकट रंगाची असेल तर तिच्यावर पडलेला उन्हाचा पट्टाही स्क्रीन उजळवतो. तेवढ्या भागात सतरंजी टाकली तरी फरक कळतो.

आता स्क्रीनचा पृष्ठभाग. मॅट की चकचकीत, हा प्रश्न निटपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि माहितीपत्रकात बऱ्याचदा त्याचा उल्लेख एका ओळीतही नसतो. दुकानात टीव्ही बंद करायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च लावून हातभर अंतरावरून स्क्रीनकडे रोखा. चांगला परावर्तनरोधी थर असलेल्या चकचकीत स्क्रीनवर टॉर्चचा लहानसा, कडा नीट दिसणारा ठिपका दिसतो. त्याला जांभळट किंवा निळसर-हिरवी झाक असते आणि त्याच्या भोवतीची स्क्रीन काळीच राहते. थर साधा असेल तर ठिपका पांढरा आणि डोळ्यात खुपणारा. अर्धवट खरखरीत पृष्ठभागावर त्या ठिपक्याला आडव्या-उभ्या शेपट्या फुटतात. पूर्ण मॅट स्क्रीनवर ठिपका नाहीसाच होतो, पण त्याच्या जागी तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा धुरकट उजेड पसरतो. प्रकाश कुठेच गेलेला नाही, तो फक्त पसरला आहे, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

म्हणून माझा नियम असा. आरशाच्या चाचणीत खिडकी किंवा दिवा स्क्रीनच्या आत येतोच आहे आणि तो टाळता येत नाही, तर मॅट घ्या. समोरच्या खिडकीची चौकट, गज, मागे फिरणारी माणसं हे सगळं मॅटवर विरघळून जातं आणि डोळ्याला सतत दोन चित्रांत निवड करावी लागत नाही. सॅमसंगने 2024 मध्ये एस95डी या ओएलईडीवर असा थर आणला आणि समोर खिडकी असलेल्या खोलीत त्याचा उपयोग होतो. पण खोलीत प्रकाश सगळीकडून येत असेल आणि नेमकं प्रतिबिंब नसेल, तर मॅट स्क्रीनचा काळा रंग करडा पडतो आणि चांगल्या थराची चकचकीत स्क्रीन सरस ठरते. तुमच्या हॉलमध्ये काटकोनातली भिंत मिळत असेल तर तुम्ही दुसऱ्या गटात आहात.

याच संदर्भात क्वांटम डॉट ओएलईडीबद्दल सांगायला हवं. नेहमीच्या ओएलईडीमध्ये बाहेरून आत शिरलेला प्रकाश शोषणारा ध्रुवक असतो, म्हणजेच पोलरायझर. क्वांटम डॉट ओएलईडीच्या पॅनेलमध्ये उजळता वाढावी म्हणून तो काढलेला असतो. रात्री या पॅनेलचे रंग अप्रतिम दिसतात. दुपारी उजेडात मात्र त्याचा काळा रंग जांभळट-करडा दिसतो, कारण बाहेरचा प्रकाश आत जाऊन परत येतो. दुकानात बंद स्क्रीनकडे तिरपं पाहिलं तरी हे कळतं. उन्हाच्या खोलीत दिवसभर वापरायला मी ते घ्यायला सांगत नाही.

निटच्या आकड्यांकडे येऊ. खोक्यावर जो आकडा ठळक छापतात तो बहुधा पीक ब्राइटनेसचा असतो. तो मोजताना स्क्रीनच्या फक्त 10 टक्के किंवा त्याहून लहान भागावर पांढरा चौकोन दाखवतात. 75 इंची टीव्हीवर हा 10 टक्के चौकोन साधारण 52 बाय 29 सेंटीमीटरचा होतो. शिवाय तो आकडा बऱ्याचदा व्हिव्हिड मोडमधला, निळसर पांढऱ्याचा असतो. रात्रीच्या चित्रपटातल्या मेणबत्तीसाठी, पाण्यावरच्या चमकेसाठी हा आकडा खरंच महत्त्वाचा. पण दिवसा तुम्ही बातम्या पाहता, मैदान पाहता, आणि तेव्हा जवळजवळ संपूर्ण स्क्रीन उजळ असते. अशा वेळी वीज आणि उष्णता आवरण्यासाठी टीव्ही स्वतःच उजळता खाली आणतो. ओएलईडीवर हे फार ठळक असतं: लहान चौकोनावर 1000 निट देणारा जुना ओएलईडी पूर्ण पांढऱ्या स्क्रीनवर 150 ते 200 निटवर उतरतो. अलीकडच्या वरच्या श्रेणीतल्या मॉडेल्सवर हे 300-400 पर्यंत सुधारलं आहे. एलजीने 2025 च्या जी5 मध्ये प्रकाश देणाऱ्या थरांची रचना बदलली ती यासाठीच. चांगला मिनी एलईडी मात्र पूर्ण स्क्रीनवर 600 ते 800 निट टिकवून धरतो. म्हणून परीक्षणं वाचताना 100 टक्के विंडोचा, म्हणजे पूर्ण स्क्रीन पांढरी असतानाचा आकडा शोधा, आणि तोही एसडीआरमधला, म्हणजे नेहमीच्या साध्या चित्रणातला, कारण तुमच्या दिवसाच्या वापरातलं बहुतेक चित्रण एसडीआर असतं.

एलईडी, क्यूएलईडी, अशा नावांवरून काहीच ठरवू नका. क्यूएलईडी म्हणजे एलसीडी टीव्हीत रंगांसाठी क्वांटम डॉटचा थर आहे, एवढंच. तो 300 निटचाही असू शकतो. मोठ्या आकारातले स्वस्त टीव्ही इथेच फसवतात: 85 इंच, नाव भारदस्त, आणि मागे लोकल डिमिंग नसलेला मंद बॅकलाइट. मोठं क्षेत्रफळ तितकंच उजळायला जास्त एलईडी, जास्त वीज आणि जास्त उष्णता व्यवस्थापन लागतं, आणि किंमत खाली आणताना पहिली काट तिथेच बसते. एका बजेटात मंद 85 आणि उजळ 75 मिळत असतील तर उन्हाच्या हॉलसाठी डोळे झाकून 75 घ्या. आणखी सांगतो, एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत पॅनेल वेगळं असू शकतं, त्यामुळे 65 इंचाचं परीक्षण वाचून 75 घेऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, दिवसा सगळी पॅनेलं सारखी, तर मग व्हीए की आयपीएस याची काळजी कशाला? कारण रात्र. संध्याकाळनंतर तोच काळा रंग, तेच डिमिंग झोन पुन्हा महत्त्वाचे होतात. रात्री चित्रपट पाहता म्हणून व्हीए पॅनेलचा मिनी एलईडी. त्याचा दोष बाजूने पाहताना दिसतो: सोफ्याच्या टोकावरून रंग फिके पडतात. काही कंपन्या यावर रुंद कोनाची फिल्म लावतात, तिने समोरचा कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो. घरातली माणसं पसरून बसत असतील तर ती फिल्म घेण्यासारखी आहे. झोनची संख्या किती हा प्रश्न मी फार ताणत नाही. उजेडात उजळ अक्षरांभोवतीचं वलय दिसतच नाही, आणि रात्री झोनच्या संख्येइतकंच ते चालवणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं ठरतं.

आकाराचं गणित सोपं आहे. डोळ्यासमोर 30 अंशांचा कोन भरावा असं धरलं तर अंतर कर्णाच्या 1.6 पट येतं, 40 अंश धरले तर 1.2 पट. 75 इंचाचा कर्ण 190 सेंटीमीटर, म्हणजे सव्वादोन ते तीन मीटर. 85 इंचाचा 216, म्हणजे 2.6 ते साडेतीन मीटर. तुमच्या तीन मीटरवर दोन्ही बसतात, 85 जास्त भरीव वाटेल. आरशाच्या चाचणीत 85 ची चौकट स्वच्छ निघाली आणि उजळतेत तडजोड होत नसेल तर जरूर घ्या. फक्त खोकं जिन्यातून, लिफ्टमधून उभंच्या उभं वर येतं का ते आधी मोजा. मोठी स्क्रीन आडवी घालून नेली की पॅनेलला तडा जाण्याची भीती असते.

प्रोजेक्टरचा विचार मनात असेल तर तो उन्हाच्या हॉलसाठी सोडून द्या. साध्या पांढऱ्या प्रोजेक्शन स्क्रीनवर 1000 लक्स पडले की तिचा काळा रंग 300 निटच्या वर जातो. उजेड अडवणाऱ्या खास स्क्रीननेही दुपारी टीव्हीची बरोबरी होत नाही.

टीव्ही लागला की पहिलं काम सेटिंगचं. खोक्यातून निघालेला टीव्ही बहुधा वीज वाचवण्याच्या मोडमध्ये असतो. तो बंद केल्याशिवाय तुम्ही विकत घेतलेले निट तुम्हाला मिळतच नाहीत. दिवसासाठी आणि रात्रीसाठी दोन वेगळे पिक्चर मोड तयार करा. रात्री फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड, गॅमा (मधल्या छटा किती गडद दिसाव्यात हे ठरवणारी सेटिंग) 2.4 किंवा 2.2. दिवसासाठी त्याच रंगांवर आधारलेला दुसरा मोड, बॅकलाइट पूर्ण, गॅमा 2.0 च्या आसपास. गॅमा कमी केला की सावलीतले तपशील वर येतात, आणि उजेडात नेमके तेच गडप होत असतात. व्हिव्हिड मोडने चेहरे निळे पडतात, त्याची गरज नाही. एक खबरदारी: काही टीव्हींच्या मेनूत ब्राइटनेस म्हणजे बॅकलाइट, तर काहींत काळ्याची पातळी. ते बटण वाढवून काळा रंगच करडा होऊ लागला तर ते चुकीचं बटण आहे, परत मूळ जागी न्या.

उजेडानुसार आपोआप बदलणारा सेन्सर चांगला असतो, पण तो बहुधा स्क्रीनच्या खालच्या कडेला असतो. समोर साउंडबार ठेवला की तो झाकला जातो आणि टीव्हीला भर दुपारी रात्र वाटते. चित्र अचानक मंद झाल्याच्या तक्रारींत मी आधी तिथे हात घालतो.

एचडीआरबद्दल, म्हणजे उजळ-गडदचा पल्ला जास्त असलेल्या चित्रणाबद्दल, हमखास विचारणा होते: महाग टीव्ही घेतला आणि दुपारी एचडीआर चित्रपट आधीपेक्षा काळोखा दिसतो, बिघाड आहे का? बिघाड नाही. एसडीआर चित्रात पांढरा म्हणजे टीव्ही देऊ शकेल तेवढा पांढरा, त्यामुळे तो 600 निटपर्यंत ताणता येतो. एचडीआर10 आणि डॉल्बी व्हिजन ज्या पीक्यू पद्धतीवर चालतात तिच्यात प्रत्येक आकड्याला ठरावीक निट नेमून दिलेले असतात, कमाल 10,000 पर्यंत. साध्या पांढऱ्यासाठी शिफारस आहे 203 निटची, त्यावरचं सगळं चमक आणि ठिणग्यांसाठी. म्हणजे चेहरे, कपडे, भिंती 203 निटच्या खालीच राहतात, आणि हे सगळं मंद उजेडाची खोली गृहीत धरून रंगवलेलं असतं. दिवसा पाहायचं असेल तर डायनॅमिक टोन मॅपिंग चालू करा किंवा डॉल्बी व्हिजनचा ब्राइट मोड निवडा. 2020 मध्ये आलेलं डॉल्बी व्हिजन आयक्यू आणि त्यानंतरचं एचडीआर10+ ॲडॅप्टिव्ह हे सेन्सर वापरून तेच आपोआप करतात. पण मनापासून पाहायचा चित्रपट असेल तर तो रात्रीसाठी राखून ठेवा.

दिवसभर बातम्या चालतात हे तुम्ही लिहिलं आहे, त्यामुळे ओएलईडीबद्दल आणखी थोडं. उजळता पूर्ण ठेवून खालची पट्टी आणि कोपऱ्यातलं चिन्ह तासन्‌तास एकाच जागी राहिलं की बर्न-इनची, म्हणजे त्या चित्राची कायमची छाप स्क्रीनवर उरण्याची शक्यता वाढते. नवे टीव्ही बंद झाल्यावर पॅनेलची दुरुस्ती-फेरी स्वतः चालवतात, पण त्यासाठी भिंतीवरचा स्विच चालू असावा लागतो. रात्री तो बंद करण्याची सवय असेल तर ही फेरी होतच नाही. तुमच्या वापराला मिनी एलईडी सुचवण्यामागे उजळतेइतकंच हेही कारण आहे. तरी रात्रीचे चित्रपटच तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे असतील आणि ब्लाइंड लावून दुपारचा उजेड 300 लक्सच्या खाली आणता येत असेल, तर वरच्या श्रेणीतला चकचकीत, ध्रुवक असलेला ओएलईडी मी नाकारणार नाही. मोबाइलवरच्या लक्स मीटर ॲपने अंदाज येतो. फोन स्क्रीनच्या जागी, तिच्याच दिशेला तोंड करून धरा.

थेट ऊन मात्र कोणत्याही टीव्हीवर रोज पडू देऊ नका, बंद असतानाही. बहुतेक माहितीपुस्तिकांत 40 अंशांपर्यंतच्याच तापमानात वापरा असं लिहिलेलं असतं, आणि काळी स्क्रीन उन्हात त्यापेक्षा फार जास्त तापते. एलसीडीतले ध्रुवक, फिल्म, डिंक आणि ओएलईडीतले सेंद्रिय थर, दोघांनाही उष्णता सोसत नाही. बारीक जाडीच्या, कडेला एलईडी असलेल्या टीव्हीत पूर्ण बॅकलाइटवर ती कड आधीच गरम असते. उन्हाच्या हॉलमध्ये ते टाळाच. भिंत आणि टीव्ही यांच्यात हवा खेळायला चार बोटं जागा सोडा.

उन्हात धूळ आणि बोटांचे ठसे फार दिसतात, म्हणून हात वारंवार पुसायला जातो. परावर्तनरोधी थर नाजूक असतो. काच पुसण्याचा फवारा, स्पिरिट, अमोनिया यांनी तो उतरतो आणि त्या जागी कायमचा डाग राहतो. कोरडं मायक्रोफायबर कापड, फार तर पाण्याने किंचित ओलं केलेलं, आणि हलका हात.

टीव्ही घरी आला की पहिल्याच आठवड्यात दुपारच्या त्याच त्रासाच्या वेळी सोफ्यावर बसून दोन गोष्टी पाहा. आधी टीव्ही बंद ठेवून स्क्रीनमध्ये काय दिसतं ते, आणि माउंट त्यानुसार दोन-चार अंश फिरवा. मग सलग करड्या रंगाचं चित्र लावून डाग, पट्टे, कोपऱ्यातले अंधारे भाग तपासा. मैदानावर कॅमेरा फिरताना हेच पट्टे डोळ्यात येतात. काही खटकलं तर तिथेच फोटो काढा आणि टीव्ही परत करण्याची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला लेखी कळवा.